वीट दिसली की थांबायचं

डबरीपाऱ्यात, म्हणजे तळ्याकाठच्या त्या वस्तीत, यंदा आंबा बरा आला होता, आणि आंबा बरा आला की माकडंही बरी येतात. इंद्रजीत मास्तरांच्या आंब्यावरून उडी घ्यायची, खांबावरून आलेल्या इंटरनेटच्या काळ्या वायरला लोंबकळायचं आणि मारोती गजभियेच्या टिनावर धाडकन उतरायचं, हा त्यांचा ठरलेला रस्ता. टिनाचं काही बिघडत नव्हतं. वायर तुटत होती. वायर तुटली की आतल्या खोलीतून सून रीना बाहेर यायची आणि कमरेवर हात ठेवून टिनाकडे बघत उभी राहायची. माकडंही तिच्याकडे बघायची. त्यांना काय, त्यांना कुठे नोकरी करायची होती!

रीनाला करायची होती. ती इकडचीच, हिंदी बोलणारी. लग्नाआधीपासून शहरातल्या पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात होती. काउंटरमागे उभं राहायचं, ठाण उलगडायचं, गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं की पुन्हा गुंडाळायचं. शटर पडेपर्यंत बूड टेकायची सोय नाही. पोटात पाचवा महिना लागला, पाय खांबासारखे सुजले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उभं राहणं बंद. दुकानदार म्हणाला, बसायचं असेल तर घरीच बसा. मग तिने खरोखरच घरी बसायचं काम शोधलं. कुठल्याशा मोठ्या दवाखान्याचे फोन घरी घ्यायचे, कोणत्या डॉक्टरची वेळ कधी मोकळी आहे ते लोकांना सांगायचं. बसून करायचं काम तिला जन्मात पहिल्यांदा मिळत होतं. पण आधी परीक्षेचा आठवडा होता. त्या आठवड्यात लाइन तुटली की नाव कापलं, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

नवरा यशदीप बिलासपूरला रेल्वेच्या शेडमध्ये. तो आठवड्याला यायचा आणि झोपायचा. तेव्हा माकडांचा बंदोबस्त सासऱ्याच्या गळ्यात पडला. मारोतीने ते आनंदानेच गळ्यात घेतलं. रिटायर झाल्यापासून त्याला कोणी काही काम सांगतच नव्हतं.

रविवारी इंटरनेट कंपनीच्या ठेकेदाराचा माणूस शेखर आला. पोरगा आपल्याच मराठी मुलखातला, बाप गोंदियाहून इकडे आलेला. त्याने अंगण पाहिलं, गेटपासून खोलीपर्यंत पावलं टाकली आणि म्हणाला, "काका, वरून वायर नेली तं माकडं राहूच देनार नाहीत. जमिनीतून टाकू. पन गेटच्या आतली नाली तुमाले खोदून द्या लागन. आमचे मजूर गल्लीत लागून आहेत."

"मजूर कायले पाह्यजे?" मारोती म्हणाला. "मी रेल्वेत गँगमन होतो बाबू. पुरी जिंदगी खोदून राहिलो."

"हातभर खोल करा. अन् हे पाहा, गेटच्या कोपऱ्यातून मेन लाइन गेली हाय, पुऱ्या पाऱ्याची. तेवढं सांभाळा."

ही मेन लाइन हिवाळ्यात टाकली होती. तेव्हा मारोती पुतणीच्या लग्नाला तुमसरला गेला होता. कंपनीची माणसं त्याच्या बायकोला, सत्यभामेला, म्हणाली, माँजी, कोपऱ्यातून जरा जाऊ द्या. तिने जाऊ दिलं, वर चहा पाजला. मारोतीने ती कधी पाहिलीच नव्हती.

"मले नोको शिकवू," तो हसून म्हणाला. "वीट दिसली की थांबतो."

शेखरच्या कानाला तोवर फोन लागला होता. "हव काका, हव," म्हणत त्याने गाडीला किक मारली.

आता ही विटेची गोष्ट काय, ते सांगायला हवं. रेल्वेत सिग्नलची केबल जमिनीत पुरतात, तेव्हा तिच्यावर माती आणि मातीवर आडव्या विटांची ओळ घालतात. पुढे कधी कोणी खोदायला आला तर टिकास आधी विटेवर बसते, ठक्क असा आवाज येतो आणि हात जागच्या जागी थांबतो. मारोतीचा हात असा किती वेळा थांबला होता, त्याचा हिशेब नव्हता. केबल आहे आणि वर वीट नाही, हे त्याच्या लेखी छप्पर आहे आणि भिंत नाही म्हटल्यासारखं होतं.

सोमवारी रीनाची परीक्षा सुरू झाली, त्याच सकाळी त्याने डोक्याला गमछा गुंडाळला आणि टिकास घेतली. शेखर मंगळवारी यायचा होता, तोवर नाली तयार पाहिजे होती. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, लागलेला. उन्हं अजून आंब्याच्या वर चढली नव्हती, तरी टिनाला हात लावायची सोय नव्हती. जमीन भाट्याची, लाल मुरमाची. टिकास मारली की ठिणगी पडावी इतकी ती वाळली होती. पहिले चार घाव त्याने जोरात मारले आणि पाचव्याला उजवा गुडघा कटकन बोलला. मारोतीने बायको दारात नाही ना ते पाहून घेतलं आणि गुडघा चोळला. मग त्याने युक्ती काढली. घाव मारायचा, टिकासेच्या दांड्यावर रेलायचं, मुरूम फावड्याने ओढायचा, पुन्हा रेलायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कामाची लाइन बघून राहिला.

लाइन मात्र सरळ होती हो. सुतळी लावल्यासारखी. खोलीच्या उंबऱ्यापासून निघाली ती वळण न घेता गेटकडे चालली.

खोलीची खिडकी अंगणातच उघडत होती. खिडकीशी रीनाचं टेबल. टेबल बुटकं होतं, नव्या खुर्चीत बसलं की तिला वाकावं लागायचं, आणि वाकलं की पोट अडायचं. म्हणून मारोतीनेच त्याच्या चार पायांखाली चार विटा दिल्या होत्या. त्या टेबलाशी बसून ती बोलत होती, "नमस्ते, मैं रीना बोल रही हूँ. बताइए, क्या सहायता करूँ?" घरात कधी न लावलेला गोड आवाज होता. मारोतीला मोठी मौज वाटली. आपण खोदतो आहोत आणि आत पोरगी खुर्चीत बसून डॉक्टरांच्या वेळा वाटते आहे, यात आपलाही काही हात आहे, असं त्याच्या मनात आलं. त्याची छाती जरा फुगली.

सत्यभामा चहा घेऊन आली. "कायले एवढी घाई करता? गुडघा बोलून राहिला, मले आत आयकू आला."

"गुडघा नाही, टिकास होती."

"टिकासेले बाम लावू का मंग?" ती म्हणाली आणि रिकामा कप घेऊन गेली.

गेटच्या कोपऱ्यात मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. तिथे मुळ्या लागल्या. एक तोडली, दुसरी तोडली. हातभर खोलही झालं नव्हतं, वितीवरच होतं सगळं. वीट कुठे दिसत नव्हती. तिसरी मुळी जरा काळी होती. त्याने टिकास उचलली आणि हाणली.

मुळी लाकडासारखी तुटली नाही. ती चामड्यासारखी फाटली, आणि आतून पिवळे दोरे आणि केसाहून बारीक काचेच्या तारा बाहेर आल्या.

"हैलो?" आत रीना म्हणाली. "अम्मा, आवाज़ आ रही है? अम्मा? हैलो?"

मारोती वाकलेला तसाच राहिला. त्याला सगळं समजलं होतं, हातांना मात्र अजून समजलं नव्हतं. ते टिकास घट्ट धरून होते.

"हैलो? हैलो?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मारोतीने पायाने मुरूम लोटला. दोन वेळा, तीन वेळा. काळं तोंड झाकलं गेलं. हे त्याने का केलं, ते त्याला पुढेही धड सांगता आलं नाही. तो भित्रा नव्हता. रुळावर इंजिन अंगावर येईपर्यंत काम केलेला माणूस होता. पण इंजिन परकं असतं, आणि दारातून बाहेर येत होती ती सून होती.

रीना आली. कानावरचं यंत्र गळ्यात लोंबत होतं. तिने सवयीने टिनाकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं.

"पापाजी, बंदर आए थे क्या?"

"मले नाही दिसले," मारोती म्हणाला. शब्द खरा होता, आणि त्याहून मोठं खोटं त्याने आयुष्यात बोललं नव्हतं.

"मास्टरजी की छत पे जाती हूँ. वहाँ मोबाइल का नेटवर्क आता है." डोक्यावर ओढणी घेऊन ती एक हात पोटाखाली धरत इंद्रजीत मास्तरांच्या घराकडे गेली. जिन्याला कठडा नव्हता. मारोतीने ती वर पोहोचेपर्यंत पाहिलं.

तेवढ्यात गेटशी मोटरसायकल थांबली. शेखर, आणि मागे तारा जोडणारा माणूस, मांडीवर जोडायच्या मशीनची पिवळी पेटी. डबरीच्या काठचं काम आटोपून निघाले होते.

"वा काका! नाली तं रेल्वेवानी सरळ. आमी पंडरीले चाललो, मशीन तिकडं पाह्यजे. उद्या येतो तुमच्याकडे. काही आडचन?"

जोडणारा समोर होता. मशीन समोर होतं. मातीखालचं काळं तोंड मारोतीच्या चपलेपासून वितीवर होतं. मारोतीने तोंड उघडलं, आणि त्यातून "नाही, काही नाही" एवढंच आलं. मोटरसायकल गेली. धूळ खाली बसली. चूक टिकासेने केली होती, पण हे त्याने स्वतः केलं होतं.

सूनबाईचं भलं करायला निघाला आणि हे असं झालं. यावर एक म्हण आहे, पण ती नेमकी त्याच्याच नावावर संपते, म्हणून इथे सांगत नाही. पुढे पाऱ्यातल्या लोकांनी ती सांगितलीच.

तासाभरात पारा जागा झाला. खाली मोबाइलचं इंटरनेट नावालाच, सगळे याच लाइनवर. पानठेल्यावर लोकांचे फोन फिरत बसले, पैसे जाईनात. इंद्रजीत मास्तरांच्या पोरीचा कॉलेजचा फॉर्म अर्ध्यावर अडकला. कोणाचा टीव्ही थांबला, तो म्हातारा तर काठी घेऊनच बाहेर पडला. सगळे एकमेकांना विचारत, तुमचं चालू आहे का? आणि दुसऱ्याचंही बंद आहे हे ऐकून त्यांना जरा बरं वाटत होतं. मारोती मुंगन्याच्या सावलीत टिकास मांडीवर घेऊन बसला. मास्तरांच्या गच्चीवर रीना उन्हात इकडून तिकडे फिरत होती. फोन कानाला, ओढणी तोंडावर. मध्येच ती खाली बसली. मग उठली. 

"जेवता का?" सत्यभामेने विचारलं.

"भूक नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग नालीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. एवढ्या वर्षांच्या बायकोला काय सांगावं लागतं! "पोरगी उन्हात हाय," ती इतकंच म्हणाली आणि आत गेली.

दुपार तापली तेव्हा शेखर परत आला, तो चिडूनच. ठेकेदाराने त्याला फोनवर झाडलं होतं. जोडणारा पंडरीत अडकला होता, मशीनही तिथेच. शेखरने गाडी लावली आणि सरळ गल्लीत खोदणाऱ्या मजुरांकडे गेला. बिसाहू आणि त्याची बायको फुलबासन, अभनपूरकडच्या खेड्यातली जोडी. आदल्या संध्याकाळी त्यांची नाली मारोतीच्या गेटपर्यंत आली होती.

"अबे, कितनी बार बोला था, कोने में मेन लाइन है! काटी न?"

बिसाहूने गैंती, त्याची टिकास, खाली ठेवली. "नइ काटे हन साहेब."

"तो क्या चूहे ने काटी? इधर तुम्हारे सिवा कौन खोद रहा है?"

गल्ली जमली. मारोतीच्या अंगणात सकाळपासून एवढी नाली उघडी पडली होती, पण तिकडे कोणाची नजर गेली नाही. गजभियेकाका रेल्वेतले, घरचे मालक, पाऱ्यातले जुने. आणि बिसाहू घामाने निथळणारा, उघड्या अंगाचा, परगावचा. सापडला तो चोर, म्हणतात ना.

"आज का हिसाब बंद. कल से आना भी मत," शेखर म्हणाला. "और पहले कान पकड़. सबके सामने."

फुलबासन डोक्यावर घमेलं घेऊन उभी होती. "हमन नइ काटे हन, साहेब. किरिया खवा ले," ती म्हणाली; शपथ घ्यायलाही ती तयार होती. घमेलं तिने खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर काम थांबलं म्हणून त्याचीही बोलणी बसली असती.

बिसाहूने दोन्ही हात वर नेले आणि कान धरले. पोरं हसली. एकाने मोबाइल वर धरला, मग इंटरनेट बंद आहे हे आठवून खिशात घातला.

मारोती शेवटची कैक वर्षं गँगचा मेट, म्हणजे मुकादम, होता. गँगमध्ये काही मोडलं, तुटलं, की मेटने एकच विचारायचं, "कोनाचा हात?" ज्याचा असेल त्याने अवजारासकट हात वर करायचा. दुसऱ्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. वर काय कळवायचं ते मेट बघून घेईल. हे कुठल्या नियमात नव्हतं, पण गँग त्यावर चालायची. मारोतीने हा सवाल कितीकदा विचारला होता. त्याच्यावर हात वर करायची पाळी कधी आली नव्हती, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

इथे मेट नव्हता. विचारणारं कोणी नव्हतं. मारोती उठला. गुडघा पुन्हा बोलला, तो त्याने बोलू दिला. गेटच्या बाहेर येऊन त्याने उजव्या हातातली टिकास डोक्याच्या वर उचलली.

लोक दचकून बाजूला झाले. त्यांना वाटलं, म्हातारा कोणाला तरी मारतो.

"हात माहा हाय," मारोती म्हणाला.

"काय काका?" शेखरला कळलं नाही.

"मी काटली. सकाळी. ह्या टिकासेनं." तो वळला, कोपऱ्यात गेला आणि पायानेच मुरूम बाजूला केला. काळं तोंड वर आलं. "त्याले कान सोडू दे."

 शेखर नालीत वाकला, वायर हातात घेऊन पाहिली. "काका, मी तुमाले सांगतलं होतं ना!"

"सांगतलं होतं. मी म्हनलं होतं, वीट दिसली की थांबतो. वीट काहून नाही टाकली?"

"इथं वीट कोन टाकते काका? हे काय रेल्वे हाय?" शेखर कपाळाला हात लावून म्हणाला. "अन् सकाळी मी इथंच उभा होतो. जोडनारा गाडीवर होता. तवा बोलले असते तं चहा होईपर्यंत लाइन चालू झाली असती. आता मशीन पंडरीत. संध्याकाळ होते."

 मारोतीने हळूहळू हात खाली घेतला. बिसाहूने कान सोडले होते. त्याने गैंती उचलली आणि मारोतीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उपकारही नव्हते.

"कान धरे के पहिली बताय रहितेस, बबा," तो म्हणाला, म्हणजे कान धरण्याआधी सांगायचं होतंस, आणि कामाला लागला.

मारोतीने मान वळवली तर गर्दीच्या मागे रीना उभी होती. गच्चीवरून कधी उतरली कोण जाणे. तोंड उन्हाने लालबुंद, ओठ सुकलेले.

"पापाजी," ती म्हणाली, "आपको सुबह से पता था?"

"हव."

 तिने ओढणीने तोंड पुसलं आणि त्याच्या नालीवरून जपून पाय टाकून आत गेली.

लाइन संध्याकाळी जुळली. दवाखान्याच्या बाईंनी फोनवर रीनाला सुनावलं आणि शेवटी म्हणाल्या, पुढच्या सोमवारपासून परीक्षा पहिल्यापासून. आणखी एकदा तुटली तर तुम्ही आम्हाला फोन करू नका. रीनाने 'जी मैडम' म्हटलं, पाच-सहा वेळा.

पुढचे दिवस घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मारोतीला वाटत होतं. रीना त्याचं ताट वाढायची, पाण्याचा गिलास उजव्या हाताला ठेवायची, आणि बोलायची नाही. तो म्हणायचा, "पोरी, भाजी चांगली झाली." ती म्हणायची, "हव." शनिवारी यशदीप आला, त्याला सगळं कळलं, त्याने बापाकडे एकदा पाहिलं आणि झोपून गेला.

"बोला ना तिच्यासंग," सत्यभामा म्हणाली.

"काय बोलू?"

"चुकलो म्हना. जीभ झिजते का?"

"तसं म्हनून राहिलो नं मी."

"कवा म्हनलं?"

"भाजी चांगली झाली म्हनलं."

सत्यभामेने कपाळावर हात मारून घेतला.

शेखरने नवी वायर नळीतून आणून नालीत टाकून दिली होती आणि वरून मुरूम लोटा म्हणून सांगितलं होतं. मारोतीने लोटला नाही. तो पाऱ्यात विटा हुडकत फिरला. मास्तरांच्या पडक्या कुंपणाच्या मिळाल्या, जुन्या चुलीच्या निघाल्या, डबरीकाठी कोणाच्या घरकामातले तुकडे पडले होते ते पोत्यात भरून डोक्यावर आणले. लोक विचारत, "काका, बंगला बांधता का?" तो हव म्हणायचा. अंगणातल्या वायरवर वीतभर माती आणि मातीवर आडव्या विटा, एकीला एक लागून. गुडघ्यावर बसता येत नव्हतं, म्हणून त्याने बुडाखाली पोतं घेतलं आणि सरकत सरकत ओळ घातली. उंबऱ्यापासून गेटकडे.

रविवारी नळाचे लोक गल्लीत चुन्याची रेघ मारून गेले. सोमवारी पाण्याच्या पाइपासाठी खोदाई होती. केबलवाले झाले, आता पाणीवाले, मग नालीवाले येतील. गल्लीच्या नशिबात पाठ टेकणं नव्हतं. रेघ नेमकी मारोतीच्या गेटच्या कोपऱ्यावरून जात होती, मेन लाइनवरून.

सोमवारी सकाळी खोदणारे आले तेव्हा मारोती कोपऱ्यात पोहोचला होता. पोत्यात हात घातला. आत विटांचा चुरा होता, वीट नव्हती. जिथे त्याची टिकास बसली होती ती जोडाची जागा तेवढी उघडी राहिली. त्याने इकडे तिकडे पाहिलं. खोदणारे गैंत्या उतरवत होते. त्यांच्यात बिसाहू आणि फुलबासनही होती, शेखरचा ठेकेदार सोडून इकडे लागलेली. विटांची भट्टी लांब होती, गुडघा तेवढ्या वेळात जाऊन येऊ देणार नव्हता. मारोती रिकामं पोतं हातात धरून बसून राहिला. त्याला रडू आलं असं म्हटलं तर तो नाकबूल करील, पण आलं होतं.

खिडकीतून रीना बघत होती. काम सुरू व्हायला थोडा वेळ होता. ती आत वळली.

"मम्मी, ज़रा टेबल उठाओ तो. एक तरफ़ से."

"काहून?"

"उठाओ ना."

टेबल कुरकुरलं. पुन्हा कुरकुरलं. मग दारात रीना आली, हातात दोन विटा. मागून सत्यभामा, तिच्याही हातात दोन, आणि तोंड चालू. "वजन उचलू नोको म्हनते डॉक्टरीन, अन् हे पोट्टी आयकते का कोनाचं!"

रीनाने वाकून विटा मारोतीच्या पुढ्यात ठेवल्या.

"पापाजी, यहाँ भी लगा दो."

मारोतीने विटा ओळखल्या. "अन् तुयं टेबल? झुकून बसशीन?"

"आज भर. शाम को भट्टे से ले आना. गुडघा सांभाळून." शेवटचे दोन शब्द तिने मराठीत म्हटले, जरा अडखळत. तिने गळ्यातलं यंत्र कानावर चढवलं आणि आत गेली.

"पोरी," मारोतीने हाक मारली. ती दारात थांबली. "चुकलो मी."

"हव," रीना म्हणाली. तोच शब्द होता, पण या वेळी तिने मागे वळून म्हटला.

त्याने जोडावर माती दाबली आणि चार विटा आडव्या बसवल्या. वर मुरूम लोटला, हाताने सारखा केला. खोदणारे गेटपर्यंत आले. मारोती पोत्यावरून उठला नाही. आत खुर्ची सरकली.

"नमस्ते, मैं रीना बोल रही हूँ. बताइए, क्या सहायता करूँ?"

बिसाहूने गमछ्याने तळवे पुसले आणि गैंती उचलली. एक घाव, मुरूम उडाला. दुसरा घाव.  तिसरा घाव खाली आला आणि ठक्क असा आवाज झाला.

गैंती तिथल्या तिथे थांबली. बिसाहूने वाकून हाताने मुरूम बाजूला केला आणि वर पाहिलं.

"बबा, इहाँ ईंटा हे."

"हव," मारोती म्हणाला. "थांब तिथं. खाली लाइन हाय."

बिसाहूने मान हलवली, दोन हात पुढे सरकला आणि तिथून खोदायला लागला. खिडकीत रीना टेबलावर वाकून कोणा म्हातारीला मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगत होती, "हाँ अम्मा, सुन रही हूँ. आप बोलिए."